पाळण्यात राहिलेली शेपटी

मी फिडलवरची, म्हणजे गावाकडच्या व्हायोलिनवरची, एक जुनी धून आहे. मित्रांनो, मला स्वतःला पाय नाहीत, पण मी सुरू झाले की लोकांचे पाय आपोआप हलतात. लाकडी तळाचे बूट घालून ठकठक नाचायच्या ज्या धुना, त्यांतली मी. आम्हाला हॉर्नपाइप म्हणतात.

माझा जन्म उत्तर इंग्लंडमधल्या एका मेंढपाळाच्या स्वयंपाकघरात झाला. जेबेझ फिडल छेडत बसला होता. त्याची बायको टेमर बटाटे सोलता सोलता पायानं पाळणा डोलवत होती. पाळण्याची एक बाजू झिजलेली, म्हणून आवाज यायचा डुऽम-टक, डुऽम-टक. त्या लंगडण्यावर जेबेझनं मला बसवलं.

पुढे माझी फार चैन झाली. खलाशी मला जहाजावर घेऊन गेले आणि ‘कप्तानाची दाढी’ म्हणू लागले. पलीकडच्या दरीत मी ‘विधवेची बकरी’ झाले. जो तो शपथेवर सांगायचा, ही आमचीच! मीही कुणाला नाही म्हटलं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

मग तरण्या वादकांना घाई सुटली. त्यांनी मला इतकं पळवलं, की माझं लंगडणं गेलं आणि माझा पुढचा अर्धा भागही वाटेत कुठंतरी सांडला.

आमच्या गावात मेंढ्या कातरून झाल्या की दुपारी पबात नाच असतो. त्या वर्षी एनॉक फिडलवाला माझ्या अर्ध्यातच थांबला. नाचणारा सायलस एक पाय वर धरून उभा.

“अरे, पुढं वाजव की! पाय खाली कधी ठेवू?”

“पुढचं येतंय कुणाला? सगळे फिडलवाले विचारून झाले. थांब, हिला त्या दुसऱ्या धुनेची, ‘हिरव्या बेडका’ची शेपटी जोडतो. कायमचीच!”

“जोड बाबा, पाय आखडला.”

म्हणजे मला आयुष्यभर बेडकाची शेपटी! बेडकाला तरी असते का ती?

कोपऱ्यात जेबेझची खापरपणती हेस्टर रडणारं बाळ थोपटत होती. ती आपल्याच नादात गुणगुणली, “डिडल-डम, डिडल-डम...” तो माझाच हरवलेला अर्धा भाग होता!

एनॉक गर्रकन तिच्याकडे वळला.

“हेस्टर, हे कुठं शिकलीस गं?”

“शिकायचंय काय त्यात, एनॉककाका? आमच्या घरात पोरं यावरच निजतात.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“विचारलंत कधी? फिडलवाल्यांच्या दारात फिरत होतात.”

एनॉकनं घाईघाईनं गज उचलला. हेस्टरनं डोळे वटारले. “आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा. उठलं तर तुमच्याच मांडीवर देईन.”

मग काय! एनॉकनं मला अगदी हळू, पाळण्याच्या चालीनं वाजवलं. सायलस बूट काढून मोज्यांवर नाचला. माझं लंगडणं परत आलं, शेपटीसकट.

मित्रांनो, जुन्या धुना शोधायला फिडलवाल्यांकडे जरूर जा, पण पाळण्यापाशीही घटकाभर थांबा. आणि मला हळूच वाजवा.

बाळ झोपलंय.