काचेपलीकडची पोर

"घरात कुणी आजारी नाही. आल्या वाटेनं परत जा!" दाराआडून बाई ओरडली, आणि तिच्या मागे कुणीतरी खोकलं.

डॉक्टरीणबाई पायरी उतरून अंगणातल्या दगडावर बसल्या. साथीच्या रोगांचा माग काढत फिरण्यात त्यांचा जन्म गेला होता. ताप कुणापासून कुणाला लागला, हे घरोघर विचारत जायचं. "सुतारानं केली नसतील एवढी दारं माझ्या तोंडावर आपटलीत," असं त्या नवऱ्याला हसून सांगायच्या. पण या वस्तीत हसू येत नव्हतं. ताप जीवघेणा होता आणि लोक आजारी माणसं लपवून ठेवत होते.

"कोण खोकतंय, ताई?"

"मांजर."

"मग मांजराला ताप किती आहे?"

आतून हुंदका आला.

"पोरीला नेऊ नका हो. शेजारणीचा नवरा तुमच्याच गाडीत बसून गेला. परत आला तो गुंडाळलेला. तोंडसुद्धा बघू दिलं नाही तिला."

नियम तसा आहे, हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी आजवर शेकडो वेळा ऐकवलं होतं. आज त्यांनी ते टाळलं.

"शेजारणीवर अन्यायच झाला," त्या म्हणाल्या. "पोरगी तुम्हाला रोज दिसेल. तशी सोय झाल्याशिवाय मी तिला हलवणार नाही."

त्यांनी तिथूनच दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"रुग्णांच्या खोलीची भिंत फोडायची? बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"काच बसवा. काचेतून रोग येत नाही."

"वरून परवानगी लागते."

"ती येईपर्यंत वस्ती आडवी होईल. फोडा. खापर माझ्यावर फोडा."

गवंड्यानं भिंत फोडली, काच बसली. मगच त्या घराचं दार उघडलं.

आई दिवसभर काचेबाहेर स्टुलावर बसून बडबडत राहायची. पोर निपचित. मग एका सकाळी पोरीनं मान वळवली आणि आईला जीभ काढून दाखवली.

"बघा, बघा! मेलीचे चाळे सुरू झाले!" आई रडत रडत ओरडली.

ही बातमी वस्तीत पसरली. लोक आपणहून आपली माणसं घेऊन येऊ लागले. एक ट्रकवाला म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन आला. बाप वाचला नाही. पण शेवटच्या श्वासापर्यंत मुलगा काचेला कपाळ टेकून उभा होता, आणि बापाला तो दिसत होता.

साथ ओसरू लागली. पोर आईचा हात धरून घरी गेली. डॉक्टरीणबाईंना दुसरीकडून बोलावणं आलं.

निघताना त्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, काचेपाशी डोकावल्या. आत एक नवी रुग्ण होती, आणि बाहेर तिची बहीण टाचा उंचावून बघत होती. तो ट्रकवाला ओल्या फडक्यानं काचेवरचे कपाळांचे, नाकांचे डाग पुसत होता.

"आता बघा," तो बाजूला होत त्या बहिणीला म्हणाला. "दिसतंय ना नीट?"