तिच्या जागी

सायकाल माझी थोरली बहीण. आमच्या नारिन गावात कुणी गेलं की विलापगीत, म्हणजे कोशोक, गायला तिलाच बोलवत. आपलं दुखणं कळल्यावर ती मला म्हणाली, "तुझा गळा म्हणजे फाटका भाता. माझ्यासाठी कोण गाणार? माझं मीच गाऊन ठेवते." आणि खरंच ठेवलं. तोक्तोसुन भाऊजींनी हवामान केंद्रातून मोडीत निघालेला लिनक्सचा कॉम्प्युटर घरी आणला होता, त्यात तिचा आवाज भरला. दुसरीकडे कुठेही तो नव्हता.

उद्या तिचं वर्षाचं जेवण, आश. पुरुष बाहेरून हंबरडा फोडत येणार आणि आतून बाईच्या आवाजात कोशोक जायला हवा. तो तिचाच असावा, एवढ्या एका इच्छेवर भाऊजींनी वर्ष काढलं होतं.

आणि कॉम्प्युटर सुरू होईना. काळ्या पडद्यावर सुरू होतानाच्या शब्दाची चारपैकी दोनच अक्षरं उमटत आणि गाडी तिथेच अडे.

हा उद्योग त्यांच्या मुलाचा, नुरदिनचा. बिश्केकहून आला की काहीतरी सुधारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मागच्या खेपेला त्याने नवीन लिनक्स घातलं, ते जाऊन बसलं डिस्कच्या पार टोकाला.

"मशीन जुनं आहे, मावशी. सुरू होताना त्याला डिस्कचे पहिले हजार चोवीस पट्टेच दिसतात, पुढे सगळा अंधार. काही गेलेलं नाहीये, फक्त त्याचा हात पोचत नाही."

"मग आता?"

"डिस्कच्या दाराशी जागा करायची. पहिला भाग पुसायचा आणि सुरू करणारी फाइल तिथे आणून बसवायची."

"आधी आईचा आवाज बाहेर काढ. मग कर काय कापाकापी करायचीय ती."

"तू चहा पी गं." त्याने खिडकीतून हाक मारली, "बाबा, आईचं गाणं कुठे ठेवलंय?"

भाऊजी अंगणात कढईखाली लाकडं सारत होते. "कुठे म्हणजे? तिच्या जागी!"

नुरदिनने दारासमोरच्या भिंतीकडे पाहिलं. तो तोर, घरातल्या मानाच्या माणसाची जागा, दारापासून सगळ्यात लांबची. सायकाल गेल्यापासून तिचा फोटो तिथेच टांगलेला होता.

"बघ, म्हणजे गाणं डिस्कच्या पार मागच्या भागात आहे," तो म्हणाला. "पुढे बाबांचा कचरा असणार."

त्याने फ्लॉपी घातली, तिच्यावरून कॉम्प्युटर चालू केला आणि पहिला भाग पुसून कोरा केला. मग त्यावर नवं सामान चढवलं. यंत्र कुरकुरलं, आणि या वेळी चारही अक्षरं आली. पोरगं खुशीत ओरडलं.

भाऊजी हात धुऊन, डोक्यावर टोपी चढवून आत आले. दाराशी चहाच्या सामोवारपाशी बसले. "लाव," म्हणाले.

नुरदिनने शेवटचा भाग उघडला. वाऱ्याचा वेग, बर्फाची उंची, हवेचा दाब. भाऊजींनी नोकरीभर घेतलेल्या सगळ्या नोंदी.

"तिकडे काय शोधतोस?" भाऊजी हसले. "तुझी आई जन्मात कधी तोरवर बसली होती का रे? सगळ्यांना चहा ओतत इथे दाराशीच असायची ना? म्हणून मी तिला पहिल्या भागात ठेवलं. उघड तो."

नुरदिनचे हात कीबोर्डवरून मांडीवर पडले. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुरुष आले. फाटकापासूनच त्यांचा हंबरडा ऐकू आला. भाऊजी बाहेर काठीवर वाकून उभे होते आणि दाराकडे पाहत होते. कॉम्प्युटर चालू होता. त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

मी सामोवारपाशी, तिच्या जागी बसले आणि तोंड उघडलं.

"ताई," फाटक्या भात्यातून एवढंच आलं.