पेवातले बटाटे

पाय जरा जपून टाका, मित्रांनो. ज्या फरशीवर तुम्ही सागरगोटे मांडून बसला आहात ना, ती फरशी म्हणजे माझं तोंड. घाबरून उठू नका, बसा निवांत. मला गजबज आवडते. मी एक जुनं पेव आहे, चौसाळ्याजवळच्या एका खेड्यात, आश्रुबांच्या अंगणात खणलेलं. तुम्ही माणसं उठल्यासुटल्या कशाचंही पेव फुटलं म्हणता, पण खरं पेव आतून कसं असतं हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? कुणीच नाही. म्हणूनच सांगतो.

माझा जन्म छप्पनच्या, म्हणजे संवत एकोणीसशे छप्पनच्या, इंग्रजी अठराशे नव्व्याण्णवच्या दुष्काळानंतरचा. त्या दुष्काळात आश्रुबांचा धाकटा भाऊ अन्नावाचून गेला. घरात साठवण अशी नव्हतीच, सुगीत आलेलं सुगीतच संपायचं. पुढं पाऊस झाला, रान पिकलं, तेव्हा आश्रुबांनी गळकं छप्पर तसंच ठेवलं आणि आधी वडार बोलावून मला खणून घेतलं. तोंड एवढं अरुंद की एक माणूस कसाबसा उतरावा, आणि पोट एवढं ऐसपैस की आत चार माणसं पंगतीला बसावीत. मग पोटात काटक्या पेटवून मला भाजलं, शेणमातीनं लिंपलं, कडेनं गव्हाचं काड लावलं आणि त्यात ज्वारी ओतली. वर फरशी ठेवून चिखलानं फट न् फट बुजवली. वारा नाही, पाणी नाही, कीड नाही, उंदीर नाही. ज्वारी माझ्या पोटात श्वास रोखून झोपते. दोनदोन वर्षं झोपते. जरा पिवळी पडते, थोडा वास लागतो, एवढंच.

आमचा मुलूख निजामाचा. लोक त्याला मोगलाई म्हणत. सरकार कुणाचंही असो, आमच्या अंगणात कायदा आश्रुबांचा चाले, आणि माझ्याबद्दलचा कायदा फार कडक होता. सुगीनंतर एकदा तोंड बंद केलं की आषाढ लागल्याशिवाय उघडायचं नाही. मध्येच उघडलं तर घरातली बरकत उडून जाते, असं आश्रुबांच्या मालकीणबाई चंद्रभागाबाई सांगत. बंद करताना आणि उघडताना हळदीकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. अशा थाटात राहिल्यावर मी जरासा शिष्ट झालो होतो, हे तुम्हाला सांगायला हवंच असं नाही, बोलण्यावरून कळलंच असेल.

मग त्या घरात सुभद्रा आली. आश्रुबांचा एकुलता मुलगा उत्तरेश्वर, त्याची ही बायको. तिचं माहेर शेवगावच्या बाजूला, म्हणजे इंग्रजी मुलखात. दुसऱ्या दिवाळीला माहेरी गेली ती येताना एक गाठोडं घेऊन आली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं ते सोडायला लावलं, आत डोळे फुटलेले बटाटे बघून म्हणाला, “ये तो उगने लगे. कौन खाता इनको?” सुभद्रा म्हणाली, “खायचे न्हाईत, लावायचे हाईत.” हे ती स्वतःच माझ्या तोंडाशी ज्वारी निवडत बसली असताना शेजारच्या भिवराबाईला हसत हसत सांगत होती. माझ्या कानावर जगातल्या निम्म्या गोष्टी अशाच आल्या.

चंद्रभागाबाईंनी एक बटाटा हातात घेऊन उलटापालटा केला. “ही कसली ढेकळं?” त्या म्हणाल्या. “कणीस न्हाई, लोंबी न्हाई. गव्हाचं पानी पिऊन बसतील मेली.”

“आत्याबाई, मला वाफे नगंत,” सुभद्रा म्हणाली. “निस्ते पाटाकडंचे वरंबे द्या. गव्हाला पानी जाताना त्यांचा बी घसा ओला हुईल.”

आश्रुबा काही बोलले नाहीत. त्यांच्या घरात न बोलणं म्हणजे परवानगी, हे सुभद्रेला तोवर कळलं होतं. मोट चालू झाली, गहू उगवला आणि त्याच्या कडेनं वरंब्यांवर बटाट्याचा पाला हिरवागार झाला. गावातली माणसं बांधावर थांबून बघत आणि उत्तरेश्वरला चिडवत, “काय बे, बायकोनं भाजी लावली का जंगल?” उत्तरेश्वर बिचारा मान खाली घालून बैल हाकायचा.

माघात गारा पडल्या. माझ्या फरशीवर त्या कशा तडतडल्या ते मला अजून ऐकू येतं. तासाभरात गव्हाच्या लोंब्या चिखलात गेल्या आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं मोडून पडली. आश्रुबा रानातून परत आले ते सरळ येऊन माझ्यावर बसले. हातापायातलं बळ गेलेला माणूस किती जड होतो, ते मला त्या संध्याकाळी समजलं. जवळ कुणी नव्हतं. त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं. मला फार वाईट वाटलं, पण पेवानं काय करावं?

दुसऱ्या दिवशी सुभद्रा खुरपं घेऊन वरंब्यांवर गेली. बटाट्याचा पालाही फाटला होता. तिनं माती उकरली. खाली बटाटे जसेच्या तसे होते, गारांची खबरही त्यांना नव्हती. पाट्या भरभरून ते अंगणात आले. मोडलेल्या शाळूतून जी काय ज्वारी झाडून निघाली, तिची भाकरी रोज निम्मीच वाढली जायची आणि निम्म्या ताटात मीठमिरची लावून भाजलेला बटाटा असायचा. पहिल्यांदा आश्रुबांनी तो बोटानं दाबून पाहिला. चार घास झाल्यावर म्हणाले, “पोटाला आधार हाय याचा.” एवढंच. पण सुभद्रा चुलीपुढं बसून डोळे पुसत होती आणि धुराला नावं ठेवत होती.

आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. शाळूची उरलेली ज्वारी माझ्यात ओतायचा दिवस आला. खाली मागल्या वर्षीची ज्वारी होती, वर ही ओतली. तोंड बंद करायचं, तेवढ्यात आश्रुबा म्हणाले, “थांबा. बटाटे आना.”

“कावून?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“कावून म्हंजी? गारात त्यानं जगवलं आपल्याला. त्ये बी अन्न हाय. अन्न कोपऱ्यात टाकून ठिवायचं न्हाई, त्याची जागा पेवात.”

त्या घरात माझ्या पोटात जागा मिळणं याहून मोठा मान नव्हता. माहेरी आपला भाऊ बटाटे गोठ्याच्या सावलीत वाळूवर पसरून ठेवायचा, हे सुभद्रेला आठवत होतं. पण ज्या वस्तूला सासूनं ढेकळं म्हटलं, तिला सासरे ज्वारीच्या बरोबरीला बसवत होते. त्या आनंदात तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिनं स्वतःच्या हातानं बटाट्यांना हळदीकुंकू लावलं. काडाचा थर टाकून त्यावर ते अलगद रचले गेले, नारळ फुटला, फरशी बसली आणि चिखलानं मला बंद केलं.

आणि मित्रांनो, माझे हाल सुरू झाले. ज्वारी झोपते, बटाटा झोपत नाही. तो श्वास घेतो, त्याला घाम येतो, त्याला वारा लागतो. माझ्या पोटात वारा कुठला? थोड्याच दिवसांत आत उबारा धरला. वरच्या बटाट्यांना पाणी सुटलं, ते काडातून ठिबकत खालच्या ज्वारीवर पडू लागलं. आतून ओरडावंसं वाटे, पण माझं तोंड माणसांनी उघडल्याशिवाय उघडत नाही. घराचं वर्षाचं अन्न माझ्या पोटात होतं आणि ते माझ्या पोटातच नासायला लागलं होतं.

चैत्रात एका सकाळी सुभद्रा अंगण सारवत माझ्यापाशी आली. फरशीवरचा पोतेरा तिनं आदल्या दिवशीच दिला होता. चैत्राच्या उन्हात शेण तासाभरात वाळतं, पण फटीकडेचं शेण अजून ओलं होतं. तिनं तळहात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग उठून पडवीत आश्रुबांपुढं जाऊन उभी राहिली.

“मामा, पेव उघडा.”

“आषाढ कुठं लागलाय?” आश्रुबा म्हणाले.

“आत गरम लागतंय. ओल्या कडब्याची गंजी आतून तापती, तसं.”

चंद्रभागाबाई आतून आल्या. “तोंड आवर गं. चैतात पेव उघडायचं, म्हंजी घर बुडवायचं हाय का? असलं इपरीत आमी कधी ऐकलं न्हाई.”

सुभद्रा सासूकडं वळली नाही. “मामा, तुमी एक डाव हात लावून बघा. मग तुमी म्हनाल तसं.”

आश्रुबा उठले. माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले आणि शेणावर हात ठेवला. त्यांचा हात किती तरी वेळ तसाच होता. ज्या माणसानं भाऊ गमावून हा नियम केला, त्याला तो मोडायला सांगणारी काल आलेली सून होती. चंद्रभागाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आश्रुबांनी हात उचलला, धोतराला पुसला आणि उत्तरेश्वरला म्हणाले, “पहार आन.”

फरशी सरकली आणि जो वास बाहेर आला, तो सांगण्यासारखा नाही. उत्तरेश्वरनं नाकाला पटका बांधला आणि दोराला हात घातला. “थांब बे,” आश्रुबा ओरडले. बंद पेवाची हवा माणूस मारते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं, पण घाई झाली की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो. त्यांनी दोराला दिवा बांधून आत सोडला. अर्ध्यातच तो विझला. उत्तरेश्वर माझ्या तोंडापासून मागं सरला. मग सुभद्रेनं लिंबाची मोठी डहाळी तोडून आणली, ती दोरानं आत सोडून सगळे आळीपाळीनं खालीवर करत राहिले. माझ्या पोटात कितीतरी दिवसांनी वारा आला. दिवा पुन्हा सोडला, तो तळापर्यंत जळत राहिला, तेव्हाच उत्तरेश्वर उतरला.

वरचे बटाटे गेले होते. खालच्या ज्वारीचा वरचा थर काळा पडून गोळा झाला होता. तो सगळा उकिरड्यावर गेला. पण त्याखालची ज्वारी कोरडी होती. आणखी महिनाभर मी बंद राहिलो असतो, तर ती तशी राहिली नसती. उत्तरेश्वरनं खालून मूठभर ज्वारी वर पाठवली, ती आश्रुबांनी दातानं फोडून पाहिली. दाणा कडकन फुटला. चंद्रभागाबाई सुभद्रेचा हात धरून तो थोपटत राहिल्या.

चांगले राहिलेले बटाटे पाटीभर निघाले, कोंब आलेले. आश्रुबा त्यांच्याकडं बघत म्हणाले, “म्या त्याला मान द्यायला गेलतो गं.”

“तुमी मानच दिला, मामा,” सुभद्रा म्हणाली. “त्याला वारा पायजे हुता. मला ठावं होतं, पर त्या दिशी बोलू वाटलं न्हाई.”

आश्रुबांनी तिच्यावर राग धरला नाही. घराच्या मागं एक छप्पर होतं, तिथं दिवसभर सावली आणि मावळतीचा गार वारा. आश्रुबांची बाज तिथं असे. दुसऱ्या कुणाला तिथं बसायची टाप नव्हती. त्यांनी बाज उचलून उन्हाच्या अंगणात आणली, ओढ्यातली वाळू आणवली आणि आपल्या जागेवर ती पसरून बटाटे मांडले. वर लिंबाचा पाला टाकला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, “तितं बियानं निजलंय, जोरात बोलू नका.” गावानं हसून घेतलं. बटाट्यांतले काही सुकले, काही नासले, पण दिवाळीला लावण्यापुरते टिकले.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. बाजरी आली नाही, विहिरीला पाणी बेताचं. सगळा गहू भिजणार नव्हता. आश्रुबांनी निम्म्या वाफ्यांत गहू ठेवला आणि निम्म्यांत, कमी दिवसांत निघतात म्हणून, वरंबे ओढून बटाटे लावले, सुभद्रेनं माहेराहून आणखी बियाणं मागवलं. बटाटा गव्हाच्या आधी निघाला, अगदी घरोघरी डबे खडखडत होते तेव्हा. शेजारचे तात्याबा बांधावर येऊन उभे राहिले, तेच ते जंगल म्हणून चिडवणारे. आश्रुबांनी त्यांना खायला बटाटे दिले, लावायला दिले आणि वर कसे ठेवायचे ते सुनेला विचार म्हणून सांगितलं. त्यानंतर गावातल्या बऱ्याच गव्हाच्या कडेनं तो हिरवा पाला दिसू लागला.

भाकरीला बटाट्याची जोड मिळाल्यानं माझ्यातली ज्वारी पुरवून पुरवून निघाली. आषाढ गेला, श्रावण गेला. सुगी आली, नवी ज्वारी ओतायची म्हणून उत्तरेश्वर दिवा घेऊन उतरला आणि खालून म्हणाला, “आबा, तळाला जुनी ज्वारी हाय अजून.” मी खणल्यापासून दुष्काळी वर्षात असं कधी घडलं नव्हतं. आश्रुबा तोंडाशी बसून होते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, “खरंच हाय?” मग सुभद्रेला हाक मारून म्हणाले, “पोरी, औंदा पेव तुझ्या हातानं बंद कर.” तो मान तोवर घरच्या पुरुषाचा होता. तिनं चिखल कालवून फट न् फट बुजवली, आणि मला, खरं सांगतो, जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आता घरात पत्र्याची कोठी आली आहे. मी रिकामाच असतो. कधीमधी कुणी माझ्या फटीतून टरफलं टाकतं, ते तेवढं करू नका, मित्रांनो. वाईट वर्ष पुन्हा येईल, तेव्हा मला झाडून, भाजून, लिंपून घ्या, मी अजून भक्कम आहे. बी एकाच जातीचं ठेवू नका, कणसातलंही ठेवा आणि मातीतलंही. आणि तुमच्या घरात नवं कुणी येईल, बियाणं असो की माणूस, त्याला आपल्याला आवडणारी जागा देऊ नका. तुला काय लागतं, असं त्याला आधी विचारा, आणि त्यासाठी आपली बाज उचलावी लागली तर उचला.