कूलरखालची भिंत

बळीराम मिस्त्रीला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतींकडे बघायचा आणि मग माणसांकडे. लग्नघर असो नाहीतर बारसं, कुठल्या भिंतीला पोट आलंय, कुणी विटा न भिजवताच लावल्यात, हे तो चहा येईपर्यंत मनातल्या मनात ठरवून मोकळा व्हायचा. चाळीस वर्षं त्याने नागपुरात घरं बांधली, आणि त्या चाळीस वर्षांत हाताखालच्या एकाही माणसाने त्याला उलट उत्तर दिलं नाही. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

जरीपटक्याच्या मागच्या एका लेआऊटमध्ये, प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, त्याचं स्वतःचं घर. घराची पुढची भिंत त्याने मुद्दाम उघडी ठेवली होती. गिलावा नाही, रंग नाही, नुसती वीट. "गिलावा म्हंजे मिस्त्रीच्या चुका झाकाची चादर," असं तो म्हणायचा. सत्तावीस वर्षं ती भिंत बघून लोक त्याला काम देत आले. पण आता तो बहात्तरचा झाला होता आणि भिंतीनेही वय दाखवायला सुरुवात केली होती. विटांमधल्या सांध्यांत भरलेलं सिमेंट झडलं होतं, खाली जोत्याजवळ लोणा लागून पांढरी भुकटी पडत होती आणि पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल यायची.

मुलगा प्रशिक मिहानमध्ये विमानदुरुस्तीच्या कामावर होता आणि सून मोनाली तिकडेच एका ऑफिसात. यंदा बुद्ध जयंतीला लेआऊटमधली मंडळी त्यांच्या अंगणात खीर खायला येणार होती. त्याआधी भिंत स्वच्छ करून तिच्यावर पाणी आत शिरू न देणारा पारदर्शक कोट मारून घ्यायचा, तोही चांगला चकाकणारा, असं प्रशिकने ठरवलं. कामासाठी त्याने मुकुंदला बोलावलं.

मुकुंद बळीरामचाच चेला. बारा वर्षं त्याच्या हाताखाली राबला आणि मग त्याने स्वतःचं काम काढलं, भिंती आणि गच्च्या पाण्यापासून वाचवायचं. त्याने झडलेले सांधे खरवडले, नवा माल भरला, कडक ब्रशने एकेक वीट घासून धुतली. बळीराम अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि कामात खोट काढायला काहीच सापडेना म्हणून थोडा नाराजच होता. शेवटी हात धुता धुता मुकुंद म्हणाला, "उस्ताद, आता दहा दिवस भिंत वाळू द्या लागते. आन् तेवढे दिवस हा कूलर बंद ठेवा."

कूलर त्याच भिंतीतल्या खिडकीला होता, बाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला. त्याचं पाणी ठिबकून खालच्या विटा काळ्या पडल्या होत्या.

"अबे, नागपूरचा उन्हाळा आहे हा," बळीराम म्हणाला. "इथं माणूस वाळून राहिला, भिंत काहून नाही वाळणार?"

"वरून वाळते, उस्ताद. आतून नाही वाळत. आतमंधी ओल राहिली आन् मी वरून कोट मारून तोंड बंद केलं, तं ते पाणी जाईन कुठं? आतलं मीठ घेऊन वर येते आन् विटेचे पापुद्रे काढते."

प्रशिक समोर उभा होता, म्हणून बळीराम "बरं" म्हणाला. पण आपल्याच चेल्याने आपल्याला भिंत शिकवावी, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

दोन दिवस कूलर बंद राहिला. तिसऱ्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर गेला. दुपारी अंजनाबाई, त्याची बायको, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "माझं डोकं गरगर फिरून राहिलं, हो." बळीराम उठला आणि त्याने कूलर लावला. शेजारी सिंधूताई गजभियेंकडे एसी होता, तिथे तिला नेता आलं असतं. पण खरं सांगायचं तर ते बटण दाबताना बायकोची काळजी होती तेवढाच हट्टही होता. कोण हा मुकुंद आपल्याला सांगणारा?

मग ते रोजचंच झालं. प्रशिक आणि मोनाली कामाला गेले की बाराला कूलर सुरू आणि पाचला बंद. बंद केल्यावर बळीराम जुन्या धोतराच्या फडक्याने स्टँड पुसायचा. संध्याकाळी पोरं घरी आली की दोघं नवराबायको पंख्याखाली बसून उकाड्याला नावं ठेवत. अंजनाबाई तर वर्तमानपत्राने वारा घेत इतकं छान कण्हायची की मोनाली तिला सरबत करून द्यायची. रात्री सगळे गच्चीवर झोपत, त्यामुळे ती अडचण नव्हती. सातव्या दिवशी कूलरच्या टाकीत पाणी थांबवणारा फ्लोट अडकला, बोअरचं खारं पाणी तासभर भिंतीवरून वाहत राहिलं आणि बळीराम आत घोरत होता. जाग आल्यावर त्याने फडकं फिरवलं. अर्ध्या तासात वीट वरून कोरडी दिसायला लागली. "पाय, वाळली," तो विटेकडे बोट दाखवत अंजनाबाईला म्हणाला. तिने ओलं फडकं उचलून दोरीवर टाकलं.

दहाव्या दिवशी मुकुंद डबे घेऊन आला. प्रशिक कामावर गेला होता. मुकुंदने भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "उस्ताद, कूलर बंद होता ना?"

"बंद होता," बळीराम म्हणाला. "लाव."

मुकुंदने कोट मारला. भिंत अशी चकाकली की बुद्ध जयंतीच्या दिवशी लोक खिरीची वाटी हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले. सिंधूताईंनी आणि समोरच्या शरच्चंद्र मेश्राम गुरुजींनी तिथल्या तिथे मुकुंदला आपल्या घरांचं काम सांगितलं. पाठोपाठ आणखी चार जण निघाले. मुकुंदने त्या भरवशावर दोन माणसं कामाला ठेवली. बळीराम त्या दिवशी फार खुशीत होता, आणि मनात म्हणाला, बघा, कूलरने काय वाकडं झालं?

तीन आठवड्यांनी कूलरच्या खिडकीखाली पांढरे ढग दिसायला लागले. ते कोटाच्या आत होते, त्यामुळे पुसून जाईनात. मग कोट फुगला, नखाने ओढला की सालासारखा निघायचा, आणि त्याच्याबरोबर विटेचा वरचा पातळ थरही यायचा. एका सकाळी बळीरामने अंगण झाडताना जोत्याशी विटेची लाल चूर पाहिली आणि तो झाडू हातात धरून तसाच उभा राहिला. सत्तावीस वर्षांत ऊन, वारा, पाऊस खाऊन त्या विटांचं तोंड गेलं नव्हतं. ते त्याने दहा दिवसांत घालवलं होतं.

प्रशिक भडकला. "बाबा, मी लेआऊटच्या ग्रुपवर फोटो टाकून राहिलो. या मुकुंदले इथं एका घरीही काम नको भेटाले."

"थांब जरा," एवढंच बळीरामला बोलता आलं.

प्रशिक थांबला, पण गुरुजींना त्याने भिंत दाखवलीच. गुरुजी न्यायाचा माणूस. ते म्हणाले, "घरातच चाळीस वर्षांचा मिस्त्री आहे तं फोटो कायले पायजेत? रविवारी मुकुंदले बोलवा. बळीरामभाऊ सांगतीन काम कसं आहे. ते म्हणतीन खराब, तं आपण कोणीच याले काम नाही देत." सगळ्यांना ते पटलं. बळीरामच्या शब्दावर त्या लेआऊटमध्ये कुणी कधी शंका घेतली नव्हती.

शनिवारचा दिवस त्याने कसाबसा काढला. खरं सांगितलं तर सुनेसमोर, मुलासमोर, गुरुजींसमोर आपण खोटारडे. नाही सांगितलं तर मुकुंद संपला. दुपारपर्यंत त्याला मधली वाट सापडली. सांगायचं की डब्यातलं केमिकलच खराब निघालं. मुकुंदचं नाव राहील, आपलंही राहील, आणि डब्याला कुठे इज्जत असते? त्याला जरा हायसं वाटलं आणि त्याने ते अंजनाबाईला सांगितलं.

"मंग मुकुंदनं खराब डबा काहून घेतला, असं नाही विचारणार ते?" ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझं नाव सांगा ना. म्हणा, म्हातारीनं लावला कूलर."

"तुले कोणी विचारून नाही राहिलं वं."

"तेच तं म्हणून राहिली मी. मले कोणी नाही विचारत. तुमाले विचारून राहिले."

रविवारी सकाळी नऊला अंगणात सहा-सात खुर्च्या मांडल्या होत्या. मुकुंद आला, सगळ्यांना जय भीम घातला आणि खिडकीखाली उकिडवा बसून बराच वेळ भिंत बघत राहिला. मोनालीने चहा आणला. बळीरामने घसा साफ केला. डब्याचं वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं.

त्याच्या आधी मुकुंदच उठून म्हणाला, "गुरुजी, उस्तादले काही विचारू नका. चूक माझी आहे. भिंत आतून ओली होती आन् मी कोट मारला. मी हे सगळं काढून देतो."

"म्हंजे तुले माहीत होतं?" प्रशिकचा आवाज चढला.

"होतं. त्या दिवशी हात लावला तं गार लागली. वाळलेली वीट गार नाही लागत."

बळीराम खुर्चीवरून उठला. त्याने विचारलं, "हाताले गार लागली, तं लावलं काहून गा?"

मुकुंद खाली बघत होता. "तुम्ही म्हटलं ना, उस्ताद. बंद होता म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बळीरामला बरं वाटलं असतं. या माणसाने बारा वर्षं आपल्यापुढे मान खाली घातली, आणि ओली भिंत हाताखाली असताना, स्वतःच्या कामाचं नाव पणाला लागलेलं असताना, त्याने हाताचं ऐकलं नाही, आपलं ऐकलं. ज्या गोष्टीचा आपण आयुष्यभर अभिमान बाळगला ती ही आहे, असं बळीरामच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. अशा किती भिंती असतील, ज्या वाकड्या जाताना कुणाला तरी दिसल्या असतील आणि तो गप्प राहिला असेल? त्या भिंती आजही उभ्या होत्या, लोक त्यांत राहत होते.

"कूलर बंद नव्हता," तो म्हणाला. "रोज चालू होता. दुपारी बारा ते पाच. मीच चालवत होतो. यानं मले विचारलं आन् मी खोटं बोललो. काम चोख आहे याचं. तुमच्या घरचं काम यालेच द्या."

गुरुजी चष्मा काढून पुसत बसले. सिंधूताई म्हणाल्या, "माझ्याकडं एसी होता ना, भाऊ," आणि मग आपण हे का बोललो असं वाटून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. प्रशिक वडिलांकडे बघत राहिला. तो काहीतरी कडक बोलणार असं बळीरामला वाटलं आणि त्याने ते ऐकून घ्यायची तयारीही केली. पण प्रशिक मुकुंदकडे वळला आणि म्हणाला, "मुकुंदभाऊ, मले माफ करा. मी तुमाले बदनाम कराले निघालो होतो." मग तो आत गेला, आणि त्या दिवशी वडिलांशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कामाला निघताना त्याने विचारलं, "कूलर लावून देऊ का, आईले गरम होत असन," आणि बळीरामने मान डोलावली.

कोट खरवडून काढायला दहा दिवस लागले. मुकुंदबरोबर बळीरामही पाटावर बसून खरवडत होता, कुणी सांगूनही उठला नाही. तोंड गेलेल्या सव्वीस विटा काढून नव्या बसवल्या. त्या रंगाने जरा वेगळ्या दिसतात, आणि कुणी विचारलं तर बळीराम त्याचं कारण सांगतो. पावसाळाभर भिंत तशीच उघडी राहिली. दिवाळीत कूलर काढून गच्चीवर ठेवला.

जानेवारीत, थंडीचं कोरडं ऊन अंगणात आलं असताना, मुकुंद पुन्हा आला. या वेळी चकाकणारा कोट नव्हता, विटेत मुरणारा आणि वरून न दिसणारा होता. प्रशिकनेच तो पसंत केला होता. मुकुंदने डब्याचं झाकण उघडलं, ब्रश बाहेर काढला आणि सवयीने विचारलं, "लावू का, उस्ताद?"

तीन महिने पाण्याचा थेंब नव्हता. भिंत खडखडीत दिसत होती. "लाव" हा शब्द बळीरामच्या तोंडात तयार होता, चाळीस वर्षं होता तसा.

"मले नको विचारू," तो म्हणाला. "तू पाय."

मुकुंदला ते जड गेलं. तो थोडा घुटमळला. मग खिडकीखाली वाकला आणि त्याने तळवा विटांवर ठेवला, आधी वर, मग जोत्याजवळ, आणि तिथे बराच वेळ तसाच ठेवला. उठून तो बळीरामकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "नाही, उस्ताद. खाली अजून गार आहे. आज नाही लावत मी."

बळीरामने डबा जवळ ओढला आणि झाकण नीट दाबून बसवलं.