किल्ली कुणाच्या खिशात

माझ्या दाजींच्या हृदयाचं काम एकदम फर्स्टक्लास झालंय. डॉक्टर तसं म्हणतात, ईसीजीच्या रेघा तसं म्हणतात. रस्त्यात कुणी भेटलं की आधी त्यांचीच चौकशी करतं, मग खाली बघतं, घसा खाकरतं आणि माझ्या पायाबद्दल विचारतं. लोकांचं काही चुकत नाही. त्यांना तरी काय बोलावं ते सुचायला हवं ना.

आम्ही दोघं लिफ्टवाले, दुरुस्तीचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला शाळेत रस नव्हता आणि शाळेला माझ्यात, तेव्हा ताईने मला त्यांच्या हवाली केलं. तेव्हापासून आमची जोडी. ते शाफ्टमध्ये उतरायचे, मी वर मशीन रूममध्ये थांबायचो. शाफ्ट म्हणजे लिफ्ट वरखाली जाते ती उभी विहीर, आणि तिच्या तळाशी छातीएवढा खोल खड्डा. त्या खड्ड्यात माणूस असताना वरून लिफ्ट आली तर काय होतं ते सांगायला नको.

म्हणून आमच्यात एक नियम आहे. वरचा मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खाली उतरणाऱ्याच्या खिशात. वर थांबलेल्याच्या नाही. म्हणजे जो खाली आहे तोच वर येऊन कुलूप काढणार, दुसऱ्या कुणाच्या बापाला ते उघडता येणार नाही. दाजींनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. ताईला लग्न झाल्या झाल्या शिकवलं होतं, कारण काळजीने तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मग ती रोज दुपारी फोन करायची आणि एवढंच विचारायची, "किल्ली कुठाय?" दाजी म्हणायचे, "खिशात." "बरं," म्हणून ती फोन ठेवायची. मी चिडवायचो, नवराबायकोचं गोड बोलणं म्हणतात ते हेच का.

तर गेल्या वर्षी दाजींचं हृदय बिथरलं. एका इमारतीच्या जिन्यात खाली बसले आणि म्हणाले, "छातीतली मोटार सुटलीय रे, ब्रेक लागत नाहीये." दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयात नको त्या जागेवरून करंट उठतोय, जांघेतून बारीक नळी आत घालून ती जागा जाळून टाकू. आम्ही सगळे पांढरे पडलो होतो आणि दाजींना मात्र बरं वाटलं. "फॉल्ट शोधायचा आणि लाइन तोडायची," ते म्हणाले. "हे तर आपलंच काम."

काम नीट झालं. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आतल्या जखमा भरायला तीनेक महिने लागतील. तोवर हृदय मधूनच उड्या मारेल, घाबरायचं नाही, गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. त्यानंतर तपासू आणि मग जड कामाचं बघू.

घाबरायचं नाही म्हणे. ताईने त्यांना अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जांघेपासून गुडघ्यापर्यंत काळंनिळं झालेलं, ते रोज बघायची. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे दाढी करताना जरा लागलं तरी रक्त थांबायचं नाही, तर तिने वस्तराच लपवून ठेवला. जेवताना, टीव्ही बघताना, बोलता बोलता तिची तीन बोटं त्यांच्या मनगटावर जायची. दाजी वैतागून म्हणायचे, "बाई, तो हात आहे, रेडिओ नाही." घरात खुट्ट झालं तरी ती दचकायची. आणि खरं सांगतो, दाजीही दचकायचे. रात्री ठोका चुकला की डोळे मिटून पडून राहायचे, तिला कळू नये म्हणून. मला म्हणाले होते, "पूर्वी मला हृदय आहे हे माहीतच नव्हतं. आता सारखं शेजारी बसल्यासारखं वाटतं."

त्यांना दुसऱ्या कशाची पर्वा नव्हती. शाफ्टमध्ये परत उतरायला मिळेल की नाही, एवढंच. तेवढ्यावर त्यांचा जीव अडकला होता. साहेबांनी कामावर घेतलं, पण हलक्या कामावर. म्हणजे आमची अदलाबदल झाली. मी खाली आणि दाजी वर, मशीन रूममध्ये, स्टुलावर. ताईने मला बाजूला घेऊन बजावलं, "छोट्या, त्यांना उतरू देशील तर माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, "अगं, मी त्यांना स्क्रूसुद्धा उचलू देणार नाही."

आणि नाही उचलू दिला. इथेच आमचं सगळ्यांचं चुकलं असेल, कोण जाणे. मी पिशवी काढून घ्यायचो. जिना चढताना मुद्दाम मध्ये थांबायचो, माझीच बुटाची नाडी सुटली म्हणून. त्यांना ते कळायचं. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवला त्याला मी हाताला धरून चालवत होतो, आणि तो काही बोलत नव्हता. दाजींचं न बोलणं हे फार वाईट. पूर्वी चूक झाली की माझ्या सात पिढ्यांची उजळणी करायचे. आता नुसतं "असू दे" म्हणायचे.

त्या दिवशी सात मजली इमारत होती. खड्ड्यात पाणी साचून तिथला थांबवायचा स्विच गंजला होता, तोच बदलायचा होता. एरवी तळाच्या माणसाला तो एक जास्तीचा आधार असतो. तो दाबला की लिफ्ट हलत नाही. त्या दिवशी तो सुटा होऊन माझ्याच हातात येणार होता. म्हणजे भरवसा काय तो वरच्या कुलपावर.

आम्ही दोघं वर गेलो. लिफ्ट सातव्या मजल्यावर उभी केली होती. दाजींनी मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. वरून हाताने थोपटली. इतकी वर्षं त्यांचा हात तेच करत आला होता. कुलूप, ओढ, खिसा. मी बघितलं. ओठांवर आलंही होतं, दाजी, किल्ली. पण ती थोपटताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. जरा ताठ उभे राहिले. मला म्हणाले, "काय बघतोस तोंडाकडे? जा, खाली जा, आणि वायर उघडी ठेवून येऊ नकोस गाढवासारखी."

गाढव म्हणाले म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी किल्ली मागितली नाही. म्हटलं, वर दाजीच तर आहेत. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस कोण. पाण्यात पडेल म्हणून फोनही पिशवीत, त्यांच्याजवळच ठेवला.

खाली उतरलो. कुणी डोकं आत घालू नये म्हणून तळमजल्याचं दार आतून ओढून घेतलं आणि कामाला लागलो.

वर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. दाजी दुपारची गोळी घरी विसरले होते. ताई ती घेऊन मागच्या जिन्याने सात मजले चढून आली. बघते तर दाजी स्टुलावरून घसरून भिंतीला टेकलेले, घामाने चिंब, ओठ पांढरे. ठोके असे धावत होते की तिला मोजताच येईनात. हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटले. तिने मला फोन लावला, तो तिथेच पिशवीत वाजला. तिला वाटलं मी जवळपासच कुठेतरी चहा पीत असणार. सातव्या मजल्यावरचे एक आजोबा आवाज ऐकून आले. ते म्हणाले, जिन्याने नेता नेता उशीर होईल, लिफ्टने न्या.

लिफ्ट बंद. स्विचला कुलूप. आणि ताईने त्यांच्या खिशात हात घातला.

किल्ली सापडली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. हे तिनेच मला सांगितलं. छोट्या उतरला असता तर किल्ली त्याच्याकडे असती; ती यांच्या खिशात, आणि हे तर इथे माझ्यापुढे आहेत. म्हणजे खाली कुणी नाही. आमच्या धंद्याबाहेरच्या बाईने घाबरून काहीतरी ओढलं असतं तर गोष्ट वेगळी. तिने विचार केला. नियमाप्रमाणे, बरोबर विचार केला. आणि कुलूप काढून स्विच चालू केला.

मला आधी ब्रेक सुटल्याचा खट्ट आवाज आला. मग दोर गुणगुणायला लागले. मी ओरडलो. शाफ्टमध्ये आपलाच आवाज आपल्या अंगावर येतो. दाराजवळच्या लोखंडी शिडीवर एक पाय टाकला होता, तो काढावा की दाराचा खटका गाठावा यात वेळ गेला. वर बघितलं तर उजेड बारीक होत चालला होता.

लिफ्टमध्ये तिघं होते. ताई, आजोबा आणि त्या दोघांनी बखोटीला धरून बसवलेले दाजी. मधल्या कुठल्यातरी मजल्याला दाजींनी डोळे उघडले, बटणांकडे बघितलं, हात खिशाकडे नेला. खिसा रिकामा. त्यांनी ताईच्या मुठीतली किल्ली बघितली आणि ज्या माणसाला उभं राहता येत नव्हतं तो उठला आणि अंग टाकून लाल बटणावर पडला. लिफ्ट थांबली. तिच्या तळाला लोंबणारा पत्रा तोवर माझ्या पायावर आला होता. ते बटण दाबलं नसतं तर मी हे सांगायला नसतो. दाबलं म्हणून एक पाय, तोही गुडघ्याखालून.

हॉस्पिटलमध्ये साहेब आले. किल्ली कुणाकडे होती, कशी गेली, सगळं विचारायला लागले. दाजी दाराशी उभे होते, दुसऱ्या वॉर्डातून सलाइन काढून आलेले. ते बोलणार एवढ्यात मीच म्हटलं, "मी मागितलीच नाही. किल्ली मागणं हे उतरणाऱ्याचं काम." साहेब गेल्यावर दाजी म्हणाले, "अरे, माझ्या हातानं केलं ते." मी भडकलो. म्हटलं, "गप्प बसा. एकाचा पाय गेला तेवढं पुरे. आता मला तुमची नोकरी घालवायला लावू नका."

ते माझ्या पलंगापाशी आले. मुठीत किल्ली होती. माझ्या छातीवर चाचपून खिसा शोधत राहिले. हॉस्पिटलच्या कपड्यांना खिसा नसतो. कितीतरी वेळ त्यांच्या ते लक्षातच येईना.

ताई तेव्हा आली नाही. आली ती चौथ्यापाचव्या दिवशी, आणि आल्या आल्या विचारलं, "मी काय करायला हवं होतं, ते सांग." मी म्हटलं, "तू केलंस तेच. मी असतो तर मीही तेच केलं असतं." ती रडली नाही. तिने मला थोबाडीत मारली, मग माझंच डोकं छातीशी धरून बसली. मला राग आला होता, अजून येतो, पण कुणाचा ते ठरवता येत नाही.

तीन महिने झाले, तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, ठोके घड्याळासारखे पडताहेत, हवं ते काम करा. दाजींना शाफ्ट परत मिळाला. ज्यासाठी ते झुरत होते ते मिळालं. सकाळी डबा घेऊन निघतात, माझ्याकडे बघत नाहीत. मी आता त्यांच्याकडेच राहतो, नवा पाय बसेपर्यंत, आणि ताईला भाजी निवडून देतो.

दुपारी आता ताई फोन करत नाही. दाजीच करतात. ती उचलते, तिकडून आवाज येतो, "खिशात आहे." ती "बरं" म्हणत नाही. फोन तसाच कानाला धरून माझ्याकडे बघते. मी हातातली सुरी खाली ठेवतो आणि दोन्ही हात वर करून दाखवतो, की मी इथे आहे, स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर. मग ती फोन ठेवते.