पालकांनी लावावे

“सापडला गं! हा बघ स्ट्रगल!” बाइंडर दुकानातूनच ओरडला, तशी मागच्या खोलीत पुस्तकाचे घडी घातलेले फर्मे शिवत बसलेल्या बायकोच्या बोटात सुई घुसली.

“मेला तो स्ट्रगल,” ती बोट चोखत बाहेर आली. “काय म्हणतोय?”

बाइंडरपुढे कॉलेजच्या लायब्ररीतला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश पडला होता. पाठ निघालेली, पानं सुटलेली. तो दुरुस्तीला आला नेमका लेकीचं रिपोर्ट कार्ड घरी आलं त्याच दिवशी, आणि बाइंडरने हा शकुनच मानला. बावीस वर्षं तो लोकांची पुस्तकं बांधत होता. इंग्रजी अक्षरं त्याला लागत, अर्थ मात्र लागत नसे. आणि कार्डाच्या तळाशी मॅडमनी तीन ओळी लिहिल्या होत्या, त्यांचा अर्थ लावल्याशिवाय त्याला जेवण गोड लागलं नसतं.

“झुंजणे, झगडणे, संघर्ष करणे,” त्याने बोट ठेवून वाचलं. “स्ट्रगल्स इन ऑल सब्जेक्ट्स. सगळ्याच्या सगळ्या विषयांत संघर्ष! एक विषय सोडला नाही पोरीने.”

“मग सगळीकडे डी का लिहिलंय?”

“हल्ली मार्क नसतात, अक्षरं असतात. सगळीकडे एकच अक्षर आहे, म्हणजे वरखाली नाही. पुढे ऐक. ट्राइज हार्ड. ट्राय म्हणजे प्रयत्न, हार्ड म्हणजे कठीण. कठीण प्रयत्न करते म्हणे. अगं, आमच्या अख्ख्या खानदानात कुणाबद्दल कुणी इतकं चांगलं लिहून दिलेलं नाही!”

ते खोटं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या शेवटच्या प्रगतिपुस्तकावर मास्तरांनी एकच शब्द लिहिला होता, ‘गैरहजर’. सातवीत वडील गेले आणि तो खळीच्या डब्यापाशी येऊन बसला तो बसलाच. म्हणून तर पोटाला चिमटा घेऊन त्याने लेकीला इंग्रजी शाळेत घातलं होतं.

लेक कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ घेऊन बसली होती. पाचवीतली, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती मान वर न करता म्हणाली, “बाबा, मला ते झेपत नाही हो.”

“झेपत नाही काय? मॅडम काय लिहितात बघ! संघर्ष!”

चिमणी पुन्हा गृहपाठाकडे वळली. हे ती तिसरीपासून सांगत होती, आणि दर वेळी तो “प्रयत्न कर” म्हणत होता.

राहिली तिसरी ओळ. पेरेंट टू अप्लाय फॉर रिटेस्ट बाय टेन्थ. पेरेंट त्याला ठाऊक होतं, टेन्थ म्हणजे दहा तारीख तेही ठाऊक होतं. त्याने अप्लाय काढला. पहिलाच अर्थ होता, ‘लावणे’. त्याखाली आणखी बरेच अर्थ होते, पण तिथवर जातो कोण! लावणे हाच तर त्याचा धंदा. कागदाला कापड लावणे, कापडाला खळ लावणे, पुठ्ठ्याला रेक्झिन लावणे.

“पालकांनी लावून द्यावं, दहा तारखेपर्यंत,” तो म्हणाला. “टेस्टचं कार्ड. सुटं दिलंय ना, फाटून जातं. आता बघच मी कसं लावतो ते.”

“मॅडमना एकदा विचारून तर घ्या.”

“वाचता येतं मला.”

“येतं हो, येतं. उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग,” असं पुटपुटत बायको आत गेली.

बाइंडरने तीन दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. लाल रेक्झिन आणलं. कार्ड एकच होतं, पण दहावीपर्यंतची आणखी पाच येणार, म्हणून त्यांच्यासाठी पाच कापडी पट्ट्या आधीच आत शिवून ठेवल्या. दोरा दुहेरी घेतला, वर सरस ओढला, दोन रात्री दाबात ठेवलं. वर सोनेरी अक्षरांत छापलं, ‘प्रगतिपुस्तक’. दहा तारखेला सकाळी अंगात इस्त्रीचा शर्ट घालून त्याने ते स्वतः शाळेच्या खिडकीवर दिलं. कारकुनाने न बघता गठ्ठ्यावर ठेवलं. बाइंडर शीळ घालत परत आला.

तेरा तारखेला मॅडमचं बोलावणं आलं.

मॅडम तरुण होत्या. लाल पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं आणि त्या त्यावरून हात फिरवत होत्या. “किती सुंदर केलंय हो तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“दहालाच दिलं, मॅडम. लिहिलं होतं तसं.”

“तुम्ही दहालाच आलात, माहीत आहे मला. पण… अर्ज हवा होता. फेरपरीक्षेचा. अप्लाय म्हणजे अर्ज करा.”

बाइंडरला आधी हसूच आलं. “म्हणजे लावायचं नव्हतं?”

“सगळ्या विषयांत नापास आहे ती. फेरपरीक्षा दिली नाही तर शाळा ठेवत नाही. नावं काढायची यादी काल वर मुख्याध्यापकांकडे गेली.”

“पण तुम्हीच लिहिलंय ना, संघर्ष करते!”

मॅडमनी डोळे मिटले. “स्ट्रगल्स म्हणजे… तिला झेपत नाहीये. ती मरमर करते, पण झेपत नाही. एवढंच लिहिलं होतं मी.”

इतका मोठा शब्दकोश पालथा घातला बाइंडरने. आणि हा अर्थ त्याच्याच दुकानात, त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पोरगी साध्या मराठीत सांगत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

“मॅडम, अर्ज आत्ता देतो. तीनच दिवस झालेत. तुमची सगळी लायब्ररी बांधून देतो, पै घेणार नाही. तुम्ही एक शब्द टाका.”

“मी काल वर जाऊन रडले सुद्धा,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात काही नाही हो.” मग खाली बघून म्हणाल्या, “आणि शाळा सोडल्याचा दाखला काढायचा तर ऑफिसला हे कार्ड सुटं लागेल.”

बाहेर व्हरांड्यात बाकावर चिमणी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. बाइंडर लाल पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसला. खिशातली सुरी काढली आणि आपलीच शिवण उसवायला लागला. त्याने बांधलेलं पान सुटत नाही, ही त्याची बाजारात ख्याती होती. दुहेरी दोरा, वर सरस. सुरी सटकत होती. जोर लावला तर कार्ड फाटणार, नाही लावला तर निघणार नाही. आत पाच रिकाम्या पट्ट्या फडफडत होत्या.

“तुला कळलं होतं ना गं, मी चुकीचं वाचतोय ते?”

“स्ट्रगलचं कळलं होतं. अप्लायचं नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते,” ती म्हणाली. “मग तुम्ही खूश होतात.”

डोळ्यांसमोरचा दोरा त्याला नीट दिसत नव्हता. चिमणीने दप्तर खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी लाल पुठ्ठे उघडून घट्ट धरले.

“जड आहे गं, राहू दे.”

“तुम्ही कापा, बाबा,” ती म्हणाली. “एवढं झेपतं मला.”