एका कुर्त्याचं पाणी

बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरमागच्या अंगणात वैजयंती आणि तिची शेजारीण कमलिनी सुती कुर्ते शिवून रंगवायच्या. इंदूरच्या एका दुकानाने मोठी ऑर्डर देण्याआधी फॉर्म पाठवला. त्यात विचारलं होतं : एक कुर्ता तयार व्हायला पाणी किती लागतं?

"आपलं काम घरगुती. असं कितीसं लागणार?" वैजयंती म्हणाली.

तिचे यजमान नीळकंठ कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून नुकतेच निवृत्त झाले होते. "अंदाजाने लिहू नकोस. मोजू या," म्हणत त्यांनी बादल्यांना आतून लिटरच्या खुणा केल्या. आठवडाभर ते स्टूल टाकून अंगणात बसले. एक बादली ओतली की वहीत एक रेघ.

शनिवारी त्यांनी आकडा सांगितला. "कुर्त्यामागे अठ्ठेचाळीस लिटर. रंगाला फक्त आठ, बाकीचं सगळं खळबळण्यात."

वैजयंतीचा चेहरा उतरला. उन्हाळ्यात टाकी भरायची वाट बघत आपणच बसतो, आणि तेच पाणी मोरीत सोडतो!

कमलिनी मात्र बादलीत बघत होती. "वहिनी, चार पाण्यांतनं काढतो ना आपण? शेवटची दोन तर एकदम साफ असतात. पुढच्या कुर्त्यांची पहिली दोन त्यातच काढली तर?"

"करून बघा," नीळकंठ म्हणाले. स्टूल पुन्हा अंगणात आलं.

कुर्ते वाळल्यावर वैजयंतीने पांढरा ओला रुमाल घासून पाहिला. रंग लागला नाही. आकडा अठ्ठावीसवर आला होता.

"भाऊजी, आता लिहा बिनधास्त!" कमलिनी म्हणाली.

नीळकंठांनी पेन उचललं नाही. "कापूस पिकवायला, कापड विणायला लागलं ते यात नाही. ते याच्या कितीतरी पट असेल."

"मग तसंच लिहिते," वैजयंती म्हणाली. तिने लिहिलं : 'अठ्ठावीस लिटर, फक्त आमच्या अंगणातलं. कापसाचं आणि विणकामाचं आम्हाला माहीत नाही.' ऑर्डर हातची जाईल असं वाटत होतं, तरी तिने फॉर्म टाकला.

पंधरा दिवसांनी दुकानाच्या मालकीणबाई, प्रतिभाताई, यांचा फोन आला. "बाकीच्यांनी नुसते आकडे भरलेत. तुम्ही मोजलंत कसं, ते सांगाल? साठ कुर्ते तर हवेच आहेत."

"थांबा हं," म्हणत वैजयंतीने फोन नीळकंठांच्या हातात दिला. ते उत्साहाने सांगू लागले. कमलिनी मध्येच ओरडली, "आयडिया माझी होती, तेही सांगा!"

"सांगतोय, सांगतोय!" ते हसत म्हणाले. वैजयंती साठ कुर्त्यांचं कापड मोजायला आत गेली.